भिंतीवरचं ‘सॉरी’ आणि न लिहिली गेलेली कादंबरी

२०२२ च्या मे महिन्यात बंगळुरूच्या पश्चिमेला, सुंकदकट्टे भागातल्या एका शाळेचं प्रवेशद्वार, पायऱ्या, भिंती आणि लगतचे रस्ते एका रात्रीत लाल रंगानं भरून गेले. सगळीकडे एकच इंग्रजी शब्द पुन्हा पुन्हा लिहिलेला होता: सॉरी. सीसीटीव्हीत मोटरसायकलवरचे दोघे दिसले. त्यांच्याजवळ घरोघर खाणं पोचवणाऱ्या मुलांकडे असते तसली मोठी पिशवी होती. पोलिसांनी शोध सुरू केला, वर्तमानपत्रांनी फोटो छापले, आणि कोणीतरी प्रेमात चुकलंय, ते माफी मागतंय, असा अंदाज लोकांनी बांधून टाकला. याच मागडी रोडच्या बाजूला, इथून फार लांब नसलेल्या हेरोहळ्ळीच्या तुंगानगर रस्त्यावर तीन वर्षं आधी बादल नंजुंडस्वामी या चित्रकारानं एका नटाला अंतराळवीराचा पोशाख चढवून खड्ड्यांमधून संथ पावलं टाकायला लावली होती. २०१९ च्या सप्टेंबरचे ते पहिले दिवस, चांद्रयान-२ चंद्रावर उतरायचं होतं. चंद्रावर चालणारा माणूस प्रत्यक्षात बंगळुरूच्या खड्ड्यात चालतोय हे रिक्षा शेजारून गेल्यावर कळायचं. ती चित्रफीत जगभर गेली आणि महापालिकेनं धावत येऊन रस्ता दुरुस्त केला. ही दोन्ही कामं परवानगी न घेता झाली, दोन्ही रस्त्यावर झाली. खड्ड्यातल्या अंतराळवीराला शहरानं कला म्हटलं आणि ‘सॉरी’ला विद्रूपीकरण. ‘सॉरी’ कला होतं असा माझा आग्रह नाही. पण शहराचा कान कशाला लागतो आणि कशाला लागत नाही, ते या दोन घटना शेजारी ठेवल्या की स्पष्ट दिसतं. गेल्या पंधरा वर्षांत बंगळुरूतली रस्त्यावरची कला हातानं आणि आकारानं खूप वाढली, पण ती बोलायला शिकली ती नागरिकाच्या आवाजात. वयात येणाऱ्या मुलामुलींना जो आवाज लागतो तो तिच्यात घडला नाही. आणि तो घडला नाही म्हणून त्यावर उभी राहणारी कुमारवयातली प्रेमकादंबरीही आपल्याकडे लिहिली गेली नाही, असं माझं म्हणणं आहे.

हा आवाज म्हणजे नेमकं काय, ते पाहायला एक परदेशी कादंबरी उपयोगी पडते. कॅथ क्राउली या ऑस्ट्रेलियन लेखिकेची ‘ग्राफिटी मून’ २०१० मध्ये आली आणि पुढच्याच वर्षी तिला तिथला पंतप्रधानांच्या नावानं दिला जाणारा कुमारसाहित्याचा पुरस्कार मिळाला. गोष्ट मेलबर्नमधल्या एका रात्रीची आहे. बारावीचं शेवटचं वर्ष संपलंय आणि ल्यूसी नावाची मुलगी ‘शॅडो’ या टोपणनावानं भिंती रंगवणाऱ्या अनोळखी चित्रकाराला शोधायला निघते. बरोबर येतो एड. दोन वर्षांपूर्वी पहिल्याच भेटीत त्यानं विचारल्याशिवाय अंगाला हात लावला म्हणून तिनं त्याचं नाक फोडलेलं असतं. एड हाच शॅडो आहे हे तिला ठाऊक नसतं. एडला वाचायला-लिहायला जड जातं, त्याची शाळा सुटलेली आहे, नोकरी गेलेली आहे, आणि त्याच रात्री तो मित्रांबरोबर शाळेत चोरी करायच्या बेतात आहे. त्याच्या चित्रांवर शब्द लिहिणारा मित्र ‘पोएट’ या नावानं वावरतो. एवढ्यावरून ही चुरचुरीत लपाछपी वाटेल. तिची खरी ताकद मात्र वाचनात आहे. ल्यूसी भिंत वाचते. चित्रातला पक्षी कुठे पाहतोय, आकाश कुठे संपतं, रंग कुठे पातळ झालाय, हे ती इतक्या बारकाईनं पाहते की चित्रकाराला समजून घेण्याचं काम ती त्याला भेटण्याआधीच करून बसते. स्वतः ती काचकामाची विद्यार्थिनी आहे, म्हणजे कलेचा अनुभव तिच्या हातालाही आहे. एडनं ती चित्रं तिला उद्देशून काढलेली नाहीत. ती सगळ्यांसाठी भिंतीवर आहेत आणि वाचता येतात फक्त तिला. या कादंबरीतलं प्रेम उभं राहतं ते याच फटीत. सर्वांपुढे मांडलेली, पण कोणावरही न लादलेली खाजगी गोष्ट, असा हा आवाज आहे.

हा प्रकार एकट्या क्राउलीपुरता नाही. व्हिटनी गार्डनरच्या २०१७ मधल्या ‘यू आर वेलकम, युनिव्हर्स’ या कादंबरीची नायिका ज्यूलिया ही कर्णबधिर, भारतीय वंशाची अमेरिकन मुलगी आहे. तिनं रंगवलेल्या खुणांवर दुसरंच कोणीतरी भर घालू लागतं आणि दोन अनोळखी माणसांचा संवाद भिंतीवर सुरू होतो. डॅनियल होजे ओल्डरच्या ‘शॅडोशेपर’मध्ये ब्रुकलिनच्या वस्तीतली जुनी भित्तिचित्रं पुसट होत जातात आणि त्यांच्यामागचा इतिहास एका किशोरवयीन मुलीच्या हाती येतो. या पुस्तकांचा दर्जा एकसारखा नाही. ओल्डरला अद्भुताचा आधार घ्यावा लागतो, गार्डनरच्या कथेत योगायोग जास्त आहेत. तरी भिंतीकडे पत्र म्हणून पाहायची सवय तिन्हींत आहे. पत्राला पाकीट नाही, पत्ता नाही, सही टोपणनावाची आहे, आणि ते कोणी वाचेल की नाही याची खात्री नाही. सोळाव्या वर्षी मनात जे असतं त्याला हे माध्यम फार जवळचं आहे, कारण त्या वयात आपलं म्हणणं सगळ्यांना कळावं असंही वाटतं आणि कोणालाच कळू नये असंही वाटतं.

आता बंगळुरूच्या भिंतींकडे येऊ. आजच्या पिढीला आठवणारी पहिली मोठी लाट २००९ च्या सुमाराची. महापालिकेनं शहरातल्या मुख्य रस्त्यांच्या कुंपणभिंती बोर्ड रंगवणाऱ्या आणि सिनेमाचे बॅनर करणाऱ्या पेंटरांना रंगवायला दिल्या. फ्लेक्सनं या लोकांच्या पोटावर पाय आणला होता. कोल्हापूरच्या बॅनर पेंटरांची जी गत झाली तीच बंगळुरूच्या गांधीनगरातल्या पेंटरांची झाली होती, त्यामुळे हे काम त्यांना आधार देणारं ठरलं. त्यांनी काय काढलं? हंपीचा दगडी रथ, जोगचा धबधबा, वाघ, हत्ती, विधानसौध. लोकांनी पोस्टर चिकटवू नयेत आणि भिंतीशी लघवी करू नये हा पालिकेचा हेतू होता, आणि तो चित्रांत उतरलाच. हात मात्र कसलेले होते. त्या वाघांच्या डोळ्यांत सिनेमाच्या खलनायकाचा आवेश दिसायचा आणि धबधब्याच्या पाण्याला नायिकेच्या पदराचा झोत असायचा. समीक्षकांनी या चित्रांना भडक, बाळबोध म्हणून झटकलं, ते मला अन्यायाचं वाटतं. तरीही पेंटरला विषय निवडायची मुभा नव्हती हे खरंच. त्याच सुमारास, २०१० मध्ये, ‘द अग्ली इंडियन’ हा नाव न सांगणाऱ्या माणसांचा गट चर्च स्ट्रीटवर उतरला. कचऱ्याचे कोपरे साफ करून, भिंतीला गेरू आणि पांढऱ्याचे पट्टे देऊन ते निघून जायचे. इथे निनावीपण होतं, रात्रीची किंवा पहाटेची वेळ होती, रंग होता. ग्राफिटीला लागणारं सगळं साहित्य होतं, आणि ते सगळं स्वच्छतेच्या कामी लागलं.

नंजुंडस्वामी या परंपरेतला सगळ्यात तल्लख माणूस. म्हैसूरच्या चामराजेंद्र चित्रकला अकादमीत शिकलेला. २०१५ च्या जूनमध्ये सुलतानपाळ्याच्या रस्त्यावर साचलेल्या डबक्यात त्यानं खऱ्या मगरीएवढी नकली मगर आणून ठेवली. वजन सुमारे २० किलो, खर्च सुमारे ६,००० रुपये. २०१७ मध्ये कब्बन पार्कजवळच्या खड्ड्यात जलपरी बसवली. उघड्या मॅनहोलभोवती यमाचं तोंड रंगवलं, म्हणजे भोक हाच त्याचा जबडा. दृश्याचं हे शहाणपण दुर्मीळ आहे. तो भिंतीऐवजी शहराची जखमच कॅनव्हास म्हणून घेतो, आणि पाहणाऱ्याला अर्थ सांगावा लागत नाही. पण या कामांचा वाचक कोण? पालिकेचा अभियंता. मगर पाहून लोक हसतात, फोटो काढतात, आणि दोनेक दिवसांत खडी-डांबराची गाडी येते. काम यशस्वी होतं आणि त्याच क्षणी संपतं, कारण ते तक्रारअर्ज म्हणूनच जन्मलेलं असतं. अर्ज मंजूर झाला की फाईल बंद.

मेट्रोनं वेगळी शक्यता उघडली होती. २०१४ मध्ये पीण्यापर्यंत गाडी धावू लागली, आणि यलहंक्याच्या सृष्टी कलासंस्थेच्या ‘आर्ट इन ट्रान्झिट’ प्रकल्पात अमिताभ कुमार आणि अर्झू मिस्त्री यांच्या बरोबरीनं विद्यार्थ्यांनी पीण्याचं स्थानक हाती घेतलं. पुढे कब्बन पार्कचं भुयारी स्थानकही. कारखान्यांच्या वस्तीतल्या स्थानकाच्या खांबांवर आणि जिन्यांवर अठरा-वीस वर्षांच्या मुलामुलींना जागा मिळाली, हे छोटं काम नव्हे. एम.जी. रोडला तर २०१३ मध्येच ‘रंगोली’ नावाचं मेट्रो कलाकेंद्र उघडलं होतं. २०१६ मध्ये दिल्लीच्या ‘स्टार्ट इंडिया’ या संस्थेचा महोत्सव शहरात आला आणि हलसूरच्या बाजूला मोठ्या भिंती रंगल्या. पण सार्वजनिक वास्तूत काढायचं चित्र आधी आराखडा म्हणून मांडावं लागतं, त्याचा ‘विषय’ सांगावा लागतो, आणि विषय सांगायची वेळ आली की मुलं पर्यावरण, वारसा, लोकसंस्कृती, विविधता असे शब्द शोधू लागतात. मला एक मुलगी आवडते आणि ती रोज संध्याकाळी याच फलाटावर उभी असते, असा आराखडा कुठल्याच समितीपुढे ठेवता येत नाही. मुंबईत २००९ मध्ये सेनापती बापट मार्गाच्या लांबलचक भिंतीवर ‘द वॉल प्रोजेक्ट’ झाला, वांद्र्यात रणजित दहियांनी सिनेमाची मोठमोठी चित्रं काढली, पुण्यात हर्षवर्धन कदमांनी कसबा पेठेच्या जुन्या भिंतींना पुराणातल्या आकृती दिल्या. या सगळ्यांत मला कदमांचं काम सर्वांत स्वतंत्र वाटतं. पण या कामांचीही नजर शहराकडे आहे, वस्तीकडे आहे. एका माणसाकडे नाही.

भिंतीवर परवानगीशिवाय जे बोललं जातं त्याचं काय होतं, हे चर्च स्ट्रीटनंच दाखवलं. २०२० च्या जानेवारीत तिथल्या भिंतींवर आणि शटरांवर रातोरात नागरिकत्व कायद्याविरुद्धची वाक्यं स्प्रेनं उमटली आणि पोलिसांनी गुन्हा नोंदवला. कर्नाटकात सार्वजनिक जागांचं विद्रूपीकरण रोखणारा कायदा १९८१ पासून आहे. स्थानिक संस्थेच्या लेखी परवानगीवाचून भिंतीवर काही लावणं-लिहिणं त्यात शिक्षेला पात्र ठरतं. मेलबर्नमध्ये असलं बंधन नाही म्हणून तिथे कादंबरी आली, असं कोणी म्हणेल तर ते खरं नाही. तिथेही २००७ पासून ग्राफिटीविरोधी कायदा आहे, आणि क्राउलीच्या पात्रांना पोलिसांची धास्ती आहेच. फरक असा की तिथल्या शहरानं काही गल्ल्या वर्षानुवर्षं निमूटपणे चित्रकारांकडे सोडल्या आणि त्यातून वाचकांची एक पिढी तयार झाली. बंगळुरूत भिंतीवरचं बोलणं एकतर पालिकेच्या बाजूचं आहे, किंवा सरकारच्या विरोधातलं. दोन्हीकडे बोलणारा ‘आम्ही’ आहे. ‘मी’ला जागा उरली ती रिक्षांच्या मागच्या पत्र्यावर. तिथे शंकर नागचं चित्र आहे. होन्नावरकडचा, मुंबईच्या मराठी रंगभूमीवर घडलेला हा नट १९८० च्या ‘ऑटो राजा’नंतर बंगळुरूच्या रिक्षावाल्यांचा देव झाला आणि १९९० मध्ये गेल्यावरही तिथेच राहिला. त्या चित्राशेजारी मुलीचं नाव, आईचं नाव, प्रेमात पोळल्याचं एखादं वाक्य असतं. कन्नड नट पुनीत राजकुमार २०२१ मध्ये गेला तेव्हा शहरभर जी चित्रं उमटली त्यांतल्या कित्येकांत आपल्या घरचा माणूस गेल्याचं दुःख होतं. बंगळुरूच्या रस्त्यावरचा खाजगी स्वर पाहायचा तर अभ्यासकांनी महोत्सवाच्या भिंतींआधी या पत्र्यांकडे जावं.

इथे एक आक्षेप येतो, आणि तो मी सगळ्यांत गंभीर मानतो. परवानगी म्हणजे नुसता अडसर नव्हे, ती सुरक्षाही असते. २०१६ मध्ये पूर्णिमा सुकुमार यांनी बंगळुरूत ‘अरवाणी आर्ट प्रोजेक्ट’ सुरू केला, तेव्हा ट्रान्स स्त्रिया भर दिवसा, रहदारीच्या बाजारपेठेत, मचाणावर उभ्या राहून भिंत रंगवू लागल्या. त्यांच्या सुरुवातीच्या एका भिंतीवर कन्नडमध्ये ‘आम्ही आहोत’ असं लिहिलेलं होतं. ज्यांना त्याच रस्त्यावरून हाकललं जातं त्यांनी तिथे दिवसभर थांबायचं, लोकांनी त्यांना विचारायचं, त्यांनी उत्तर द्यायचं, हे परवानगीच्या कागदाशिवाय झालं नसतं. याच गटाचं काम २०२४ मध्ये व्हेनिसच्या बिएनालेपर्यंत पोचलं. रात्रीच्या अंधारात स्प्रेचा डबा घेऊन फिरण्याचं स्वातंत्र्य मुळात मुलग्यांचं आहे. ३१ डिसेंबर २०१६ च्या रात्री एम.जी. रोड आणि ब्रिगेड रोडवर स्त्रियांच्या विनयभंगाचे जे प्रकार घडले ते या शहराला माहीत आहेत. ल्यूसी मेलबर्नमध्ये रात्रभर भटकू शकते, सुंकदकट्ट्याची पंधरा वर्षांची मुलगी नऊनंतर घराबाहेर नाही. तेव्हा निनावी, बेकायदा भिंतीचं कौतुक करणं म्हणजे मुलग्यांच्याच मोकळीकीचं कौतुक करणं नव्हे का?

आक्षेपातला अर्धा भाग मी पूर्ण मान्य करतो. जस्मीन पाठेजांनी २००३ मध्ये सृष्टीत विद्यार्थिनी असताना सुरू केलेलं ‘ब्लँक नॉइज’ याच प्रश्नावर उभं आहे. त्यातल्या बायका सार्वजनिक बागेत जाऊन झोपतात, एवढंच, आणि तेवढ्यानं बाग बदलते. मुंबईच्या शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी २०११ मध्ये ‘व्हाय लॉयटर?’ या पुस्तकात निरुद्देश भटकण्याचा हक्क मागितला तोही याच कारणानं. पण उरलेला अर्धा भाग मला पटत नाही, कारण तो धरून चालतो की रस्त्यावरच्या निनावी कलेत मुलींचा हात नव्हताच. बंगळुरूच्या जुन्या पेठांत, बसवनगुडीत, मल्लेश्वरमात, चामराजपेटेत रोज पहाटे दारासमोरचा रस्ता सडा घालून रांगोळीनं भरला जातो. तो रस्ता पालिकेचा असतो. परवानगी कोणी काढत नाही, सही कोणी करत नाही, आणि दुपारपर्यंत चाकांनी आणि पावलांनी सगळं पुसून जातं. ठिपक्यांची बेरीज चुकली तर शेजारणीला कळतं. आज हात कोणाचा पडला, थोरलीचा की धाकटीचा, हे रेषेवरून ओळखता येतं. सर्वांसमोर मांडलेलं, कोणावर न लादलेलं, आणि ज्याला वाचता येतं त्यालाच वाचता येणारं असं हे लिखाण शहरातल्या मुली शतकानुशतकं करत आल्या आहेत. मुलीनं रात्री बारा वाजता पुलाखाली जायची गरज नाही. पहाटे साडेपाचला ती रस्त्यावर असतेच. आपल्या चित्रकारांनी आणि लेखकांनी त्या वेळेकडे कला म्हणून पाहिलेलं नाही.

दुसरा आक्षेप सुंकदकट्ट्याच्या त्या लाल शब्दाबद्दल. शाळेभोवती शंभरदा माफी लिहिणं याला प्रेम म्हणावं की दडपण? एखाद्या मुलीनं दार बंद केलं असेल, आणि सकाळी तिला कळलं असेल की आता अख्खी शाळा तिच्याकडे पाहतेय, तर तिला उत्तर द्यायला भाग पाडण्याचा तो प्रकार होतो. आपल्याकडच्या गडकिल्ल्यांच्या भिंतींवर कोरलेले बदाम, त्यात घुसलेला बाण आणि दोन नावं याच जातीची. संरक्षित वास्तूवर असं काही कोरलं तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो, आणि तो व्हायला हवा असं मलाही वाटतं. पण हा आक्षेप माझ्या म्हणण्याला खोडून काढत नाही, उलट त्याला बळ देतो. ज्या शहरात तरुण मुलाला खाजगी गोष्ट सार्वजनिकपणे मांडायची रीत कोणी शिकवली नाही, तिथे तो एकच रीत जाणतो, आणि ती म्हणजे सिनेमातल्या नायकाची: पाठलाग, हट्ट, जाहीर कबुली. क्राउलीच्या गोष्टीत ल्यूसीनं एडचं नाक आधीच फोडलेलं असतं हा तपशील म्हणून मला फार मोलाचा वाटतो. त्यानंतर एड तिला मनवण्यासाठी काही काढत नाही. तो स्वतःच्या भीतीची, बेकारीची, कोंडलेपणाची चित्रं काढतो, आणि वाचायचं की नाही हे ती ठरवते. सुंकदकट्ट्याच्या भिंतीवर वाचणारीला तो पर्यायच ठेवलेला नव्हता. चांगल्या कादंबरीनं या दोहोंमधलं अंतर दाखवायचं असतं, आणि ते दाखवायला भिंतीइतकी दुसरी चांगली जागा नाही.

मग कादंबऱ्यांच्या बाजूनं काय आहे? बंगळुरूजवळ अंदलीब वाजिद आहेत. इंग्रजीत कुमारांसाठी सातत्यानं लिहिणाऱ्या लेखिकांमध्ये त्यांचं नाव वरचं आहे. २०१६ मधल्या ‘अस्माराज समर’ची नायिका कँटोन्मेंटच्या भागातल्या टॅनरी रोडवर आजीआजोबांकडे उन्हाळा काढायला येते, आणि उच्चभ्रू मैत्रिणींना मात्र आपण कॅनडाला आहोत असं सांगते. तिथे समोरच्या घरातल्या मुलाच्या ती प्रेमात पडते. यावरून २०२४ मध्ये वेबमालिकाही झाली. वाजिदांना रस्ता कळतो. एका बाजूच्या खिडकीतून दुसऱ्या बाजूचं दार दिसतं, तेवढ्या अरुंदपणात लाज, कुतूहल आणि वर्गाचा अभिमान कसा कोंबलेला असतो, हे त्या नेमकं टिपतात. त्यांच्या ‘द हेना स्टार्ट-अप’मध्ये आईच्या मेंदीच्या व्यवसायासाठी ॲप बनवणारी मुलगी आहे, म्हणजे रेखाटनाचा धागाही त्यांच्या लेखनात आहे. तरीही त्यांची पात्रं रस्त्यावर काही खूण सोडत नाहीत. टॅनरी रोड पाहिला जातो, तिथे लिहिलं जात नाही. शिवाय भाषेचा प्रश्न उरतोच. टॅनरी रोड दखनी बोलतो, आणि त्या दखनीतलं ‘नक्को’ आणि शब्दाला ठासणारा ‘च’ मराठीकडून गेलेला आहे. भिंतीवर लिहायची वेळ आली तर अस्मारा कुठल्या भाषेत लिहील? दुकानांच्या पाट्यांवर साठ टक्के कन्नड असावं असा कायदा २०२४ मध्ये झालेल्या शहरात हा प्रश्न हवेतला नाही. सुंकदकट्ट्यात लिहिणाऱ्यानं इंग्रजी शब्द निवडला. कदाचित कन्नड माणसाचं, तमिळ माणसाचं, मराठी माणसाचं घरातलं माफी मागणं वेगळं असतं आणि ते भिंतीला पेलवत नाही, म्हणून. एकट्या त्या निवडीवर एक प्रकरण उभं राहील.

आपल्या मराठीकडे तर याहून भक्कम पाया आहे. मिलिंद बोकीलांची ‘शाळा’ २००४ मध्ये आली. आणीबाणीच्या वर्षांतला नववीचा मुकुंद जोशी अर्धवट बांधलेल्या इमारतीत मित्रांबरोबर बसून मुलींच्या येण्या-जाण्याची वाट पाहतो. त्याला आवडणाऱ्या शिरोडकरला काय वाटतं हे त्याला तिच्या चालण्यावरून, मागे वळून पाहण्यावरून वाचावं लागतं. कुमारवयातलं प्रेम म्हणजे वाचन, ही गोष्ट बोकीलांइतकी मराठीत कोणी दाखवलेली नाही. आणि नागराज मंजुळेंचा ‘फँड्री’, जो १४ फेब्रुवारी २०१४ ला, प्रेमाच्या दिवशी, प्रदर्शित झाला. त्यातला जब्या शालूला पत्र लिहितो, ते पोचत नाही. शेवटाकडे बांबूला बांधलेलं डुक्कर खांद्यावर घेऊन तो घरच्यांबरोबर शाळेच्या भिंतीसमोरून जातो, आणि त्या भिंतीवर आंबेडकर, सावित्रीबाई, शाहू महाराज, गाडगेबाबा यांची चित्रं रंगवलेली असतात. भारतीय सिनेमात भित्तिचित्राचा इतका भेदक उपयोग माझ्या पाहण्यात दुसरा नाही. भिंत थोरांच्या चेहऱ्यांनी भरलेली आहे, आणि त्यांनी ज्याच्यासाठी आयुष्य वेचलं त्या मुलाला तिच्यावर स्वतःचा एक शब्द लिहायला जागा नाही. त्याच्या हाती दगड येतो. सरकारी, महापालिकेच्या, महोत्सवाच्या भिंतींबद्दल मी वर जे म्हटलं, ते मंजुळेंनी एका दृश्यात सांगून टाकलंय. ‘शाळा’तलं वाचन आणि ‘फँड्री’तली भिंत एकत्र आणणारी कादंबरी मराठीत आली नाही, ही मला आपल्या कुमारसाहित्यातली मोठी उणीव वाटते.

आजची मुलं भिंत फोनवर वापरतात, त्यांना विटामातीची भिंत कशाला हवी, असंही म्हटलं जाईल. इन्स्टाग्रामवर टाकलेली ‘स्टोरी’ चोवीस तासांत जाते, रांगोळीसारखीच. पण ती कोणी पाहिली याची यादी टाकणाऱ्याला मिळते. रस्त्यावरच्या खुणेला तशी यादी नसते. कोणी पाहिलं, कोणी थांबलं, कोणी पुसलं हे कळत नाही, आणि त्या न कळण्यातच वाट पाहणं असतं. वाट पाहण्यावाचून प्रेमकथा होत नाही. बंगळुरूतच राहणाऱ्या अनपू वर्की या चित्रकर्तीचं काम मला या जागी दिशादर्शक वाटतं. २०१४ मध्ये दिल्लीच्या पोलीस मुख्यालयावर हेन्ड्रिक बायकिर्शबरोबर गांधींचं भव्य चित्र काढणारी हीच चित्रकर्ती त्याच शहरात शाहपूर जाटच्या भिंतीवर एक प्रचंड मांजर काढते. त्या मांजराला संदेश नाही. २०१९ मध्ये तिनं ‘समर्स चिल्ड्रन’ हे एकही शब्द नसलेलं चित्रपुस्तक केलं, त्यात दोन भावंडांचा केरळातल्या रबराच्या मळ्यातला एक दिवस आहे. मोठी भिंत पेलणारा हात आणि मुलाच्या दिवसाचा एकांत जपणारी नजर एकाच व्यक्तीत असू शकते, याचा हा पुरावा आहे. हे दोन्ही आत्तापर्यंत एकत्र, एका भिंतीवर, एका गोष्टीत आलेलं नाही, इतकंच.

२०२२ च्या मे महिन्यात सुंकदकट्ट्याच्या त्या परिसरात जी मुलं नववी-दहावीत होती, ती आता सज्ञान झाली आहेत. त्यांनी तो लाल शब्द शाळेत येता-जाता पाहिला, त्यावर कुजबुज केली, कोणासाठी असेल याचे अंदाज बांधले. बंगळुरूत १९२० पासून महाराष्ट्र मंडळ आहे, आणि शहरात घरी मराठी, शाळेत कन्नड-इंग्रजी अशी वाढलेली मुलं पुष्कळ आहेत. दिवाळी अंकांच्या आणि कुमारांसाठी पुस्तकं काढणाऱ्या संपादकांनी या वयाच्या मुलामुलींकडून, विशेषतः मुलींकडून, हस्तलिखितं मागवावीत. त्यांचं मराठी मोडकं असलं, त्यात दखनीचं ‘नक्को’ आणि कन्नडचा हेल आला, तरी ते सुधारायला लावू नये.